मुळासकट उपटा म्हणणाऱ्यांना

कीर्तनकार मनाला शेत म्हणतात, त्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती पुढच्या वाक्याला. काम, क्रोध, लोभ हे या शेतातलं तण, ते एकदा मुळासकट उपटून टाका की शेत कायमचं निर्मळ, असं ते सांगतात आणि मंडपातली मंडळी माना डोलावतात. आमच्याकडे दिवसभर खुरपून संध्याकाळी कीर्तनाला आलेल्या बाया मात्र एकमेकींकडे बघतात. त्यांच्यातली एक मावशी मागे माझ्या कानाशी लागून म्हणाली, "ताई, या बुवांना आपल्या लव्हाळ्याच्या वाफ्यावर आठवडाभर बसवा."

बोलणं चेष्टेचं होतं, पण माझ्या डोक्यातून ते गेलं नाही. माणसातलं वाईट मुळासकट उपटता येतं का? जुन्या ग्रंथांनी या प्रश्नाला हात घातलेला आहे, आणि त्यातल्या निदान एका ग्रंथकाराने कधीतरी खुरपं धरलं असावं असा मला दाट संशय आहे. त्याच्याकडे येतेच. आधी वाफा.

आमची गुलाबाची रोपवाटिका पुणे-सोलापूर रस्त्याला, उरुळी कांचनच्या अलीकडे. या पट्ट्यात रस्त्याच्या दोन्ही अंगांना रोपवाटिकाच रोपवाटिका आहेत. माझं माहेर माढा तालुक्यातलं, सावता महाराजांच्या अरणपासून फार लांब नाही. लग्न होऊन इकडे आले, मुलं शाळेत जायला लागल्यावर बहिःस्थ बसून बी. ए. केलं, तेही तत्त्वज्ञान घेऊन. सासूबाई विचारायच्या, "त्यानं गुलाब मोठे येतात का गं?" येत नाहीत. पण खुरपताना डोक्याला काम मिळतं.

गुलाबाच्या रोपवाटिकेत तणाशी गाठ दोन ठिकाणी पडते. एक जमिनीतल्या वाफ्यांत आणि दुसरी पिशव्यांत. पिशवीतलं तण बहुतेक आपणच विकत आणलेलं असतं. भरणीसाठी माती बाहेरून येते, तिच्यातून लव्हाळ्याच्या गाठी येतात. शेणखत नीट कुजलेलं नसलं तर त्यातून बी येतं. मग पावसाळ्यात घोळ, केना, माठ, दुधी, अंबुशी, गाजरगवत, जे म्हणाल ते. थंडीत चंदनबटवा आणि चांदवेल. हराळी बारा महिने. गणपतीच्या दिवसांत हीच हराळी दूर्वा होते, घोळीची तर आम्ही भाजीच करतो, आणि त्यावरून तण असं काही नसतंच, सगळा बघणाऱ्याच्या नजरेचा खेळ आहे, असं लिहिणारे पुष्कळ आहेत. मला त्या विचारात फारसा रस नाही. पाच इंचांच्या पिशवीत गुलाबाच्या कोवळ्या मुळ्यांशेजारी हराळीने जाळं विणलं की नजर कशीही ठेवा, रोप पिवळं पडतं. उपद्रव हा उपद्रवच असतो. प्रश्न त्याचं करायचं काय, हा आहे.

आता लव्हाळा. वरून दिसायला नाजूक, हिरवीगार, तिधारी दांड्याची काडी. चिमटीत धरून ओढली की सहज हातात येते आणि नवख्या माणसाला वाटतं, झालं. खाली जमिनीत मात्र गाठींची माळ असते. एका गाठीतून बारीक दोर निघतो, वितीच्या आत दुसरी गाठ, तिच्यापुढे तिसरी. या माळेत टोकाची गाठ जागी असते आणि मागच्या गाठी तिच्या धाकात झोपलेल्या असतात. जोवर माळ अखंड आहे तोवर त्या झोपूनच राहतात. तुम्ही ओढून माळ तोडली की धाक संपतो आणि झोपलेल्या गाठी एकेक करून फुटतात. एक काडी उपटली त्या जागी पंधरवड्यात चार उभ्या राहतात, त्या अशा. हे कृषी विद्यालयातली पोरं पुस्तकात वाचतात. आमच्या मावशांना ते पुस्तकाशिवाय ठाऊक आहे. म्हणून त्या लव्हाळा रागाने ओढत नाहीत. आधी पाणी देतात, वाफसा आला की खुरप्याचं टोक काडीच्या बुडाशी तिरपं घालून गाठ मिळेल तेवढी उचलतात, न मिळाली तर वरचा भाग कापून पुढे सरकतात आणि दहा-पंधरा दिवसांनी परत त्याच जागी येतात. हिरवं पान वर राहू दिलं नाही की गाठीला खायला मिळत नाही. दरवेळी ती साठ्यातलं थोडं खर्चून नवं पान काढते आणि दरवेळी थोडी हडकते. लव्हाळा असा मरतो, मरायचा झालाच तर. झटक्यात नाही.

(याच गाठी वाळवल्या की नागरमोथा म्हणून विकल्या जातात आणि दिवाळीच्या उटण्यात पडतात. वर्षभर शिव्या दिलेली वस्तू आम्ही नरकचतुर्दशीला अंगाला लावून घेतो. असो.)

पतंजलीचं योगसूत्र अभ्यासाला होतं तेव्हा मी दुसऱ्या पादाच्या सुरुवातीला अडखळून थांबले होते. तिथे तो माणसाचे पाच क्लेश सांगतो: अविद्या, अस्मिता, राग, द्वेष आणि अभिनिवेश. म्हणजे अज्ञान, मीपणा, ओढ, तिटकारा आणि जिवाला चिकटून राहणं. पुढच्याच सूत्रात तो म्हणतो, की अविद्या हे बाकीच्या चौघांचं शेत आहे आणि ते चौघं त्या शेतात चार अवस्थांत असतात: झोपलेले, विरळ झालेले, मध्येच तुटलेले आणि ऐन भरात आलेले. प्राध्यापकांनी ही यादी म्हणून फळ्यावर लिहिली. मला ती यादी वाटेना. जून ते मे रोपवाटिकेत हेच चाललेलं असतं.

झोपलेले म्हणजे मातीतलं बी. अमेरिकेत मिशिगनला विल्यम बील नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1879 साली तणांचं बी वाळूत मिसळून वीस बाटल्यांत भरलं आणि बाटल्या जमिनीत पुरल्या. ठरावीक वर्षांनी एकेक बाटली काढून बी पेरून बघायचं, असं ठरलं होतं. बील गेले, त्यांच्यामागून आलेल्यांनी तो नेम चालू ठेवला. 2021 मध्ये एक बाटली उकरली, तर तिच्यातलं काही बी उगवलं. 142 वर्षं अंधारात पडून होतं ते. उजेड आणि ओल मिळाली आणि उठलं. पुढची बाटली 2040 मध्ये काढायची आहे. माझ्यातला राग गेला, आता मला काही वाटत नाही, असं कुणी सांगू लागलं की मला त्या बाटल्या दिसतात.

मध्येच तुटलेले, म्हणजे विच्छिन्न, याचा दाखला योगसूत्रावरच्या व्यासभाष्यात फार मजेदार आहे. चैत्र नावाचा कुणी एक एका स्त्रीवर अनुरक्त आहे, याचा अर्थ बाकीच्या स्त्रियांविषयी तो विरक्त झाला असा होत नाही, असं भाष्यकार म्हणतात. ओढ आत्ता एका ठिकाणी भरात आहे, दुसरीकडे ती पुढे येईल. तसंच ओढ भरात असताना क्रोध दिसत नाही, पण तो नाहीसा झालेला नसतो. आमच्याकडे डिसेंबरात वाफ्यात घोळ दिसत नाही. नवीन मुलगा कामाला आला की म्हणतो, या वाफ्यात घोळ नाहीच. मावशी त्याला म्हणतात, "पाऊस पडू दे बाळा."

खरी गोष्ट पुढे आहे. या सगळ्यावर उपाय म्हणून पतंजली जो क्रियायोग सांगतो, तप, स्वाध्याय, ईश्वरप्रणिधान, त्याचं काम तो काय सांगतो? एक, समाधीकडे चित्त वळवणं. दोन, क्लेश विरळ करणं. उपटणं नाही, विरळ करणं. रोजच्या साधनेकडून तो याहून जास्त मागत नाही. मावशींचा पंधरवड्याचा फेरा आणि पतंजलीचा क्रियायोग यांत मला फरक करता येत नाही. दोघांनाही माहीत आहे की आजच्या हाताने आज एवढंच होतं.

मग क्लेशांचा शेवट आहे की नाही? भाष्यकार म्हणतात, आहे. विवेकाच्या आगीत बी भाजून निघतं. भाजलेल्या बियाला ओल मिळाली तरी अंकुर फुटत नाही. हे वाचून मी बराच वेळ गप्प होते, कारण आम्हीही बी भाजतो. एप्रिल-मे महिन्यांत रिकाम्या वाफ्याला भरपूर पाणी देतो, वर पारदर्शक प्लास्टिकचा पातळ कागद ताणून कडा मातीने बुजवतो आणि चार ते सहा आठवडे उन्हाच्या हवाली करतो. इस्रायलमधल्या शास्त्रज्ञांनी 1976 साली ही पद्धत मांडली ती मातीतल्या रोगांसाठी; तणाचं बीही त्यात मरतं म्हणून ती आमच्यापर्यंत आली. कागद काढल्यावर वाफा खरोखर निर्मळ असतो. पण तो नांगरायचा नाही, खणायचा नाही. भाजलेलं असतं ते वरच्या चार बोटांतलं बी. खाली खोल थंडाव्यात लव्हाळ्याच्या गाठी तशाच आहेत, आणि कुदळ घातली की खालची माती वर येते, बियांसकट. म्हणजे आमची आग वरवरचीच ठरली. योग्यांची आग तळापर्यंत जात असेल. मी नाकारत नाही. पण पतंजलीची हीच सूत्रं पुढे वाचा. सूक्ष्म झालेले क्लेश संपूर्ण कधी जातात, तर चित्तच आपल्या मूळ कारणात विरून जातं तेव्हा. शेतच उरत नाही, तेव्हा तण संपतं. इतकं रोखठोक सांगणारा दुसरा कुणी मला भेटला नाही. ज्याचं शेत अजून शिल्लक आहे, ज्याला अजून सकाळी उठून चहा लागतो आणि माल गेला नाही तर झोप लागत नाही, त्याला कायमची निर्मळ जमीन कबूल करण्याचा हक्क कोणत्याच बुवांना नाही.

आमच्याकडे डोळा भरायला जी मंडळी हंगामात येतात, त्यांच्यात नगरकडचे एक ख्रिस्ती गृहस्थ होते. डोळा भरणं हे बैठं, बोटांचं काम. खुंटाच्या सालीवर टी-आकाराची चीर द्यायची, कलमी गुलाबाचा डोळा त्यात सरकवायचा, पट्टीने बांधायचा. हात चालू असतात, तोंड मोकळं असतं. माझी कीर्तनकारांवरची टीका ऐकून ते म्हणाले, "आमच्या प्रभूनं तर उपटूच नका म्हणून सांगितलंय, मालकीणबाई." मग त्यांनी मत्तयच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायातला निदणाचा दाखला सांगितला. एकाने गहू पेरला. रात्री वैरी येऊन त्यात निदण पेरून गेला. ओंब्या आल्या तेव्हा नोकरांच्या ध्यानात आलं. ते म्हणाले, उपटू का? मालक म्हणाला, नको, निदण उपटताना गहूही उपटाल. दोन्ही कापणीपर्यंत वाढू द्या.

शेतकरी बाई म्हणून माझी पहिली प्रतिक्रिया अशी, की हा मालक बुडणार. पीक लहान असताना तण काढलं नाही तर पुढे काढून उपयोग नसतो, हे कुणालाही कळतं. पण दाखल्यातलं तण साधं नाही. अभ्यासक म्हणतात ते लोलियम जातीचं गवत असावं, ओंबी येईपर्यंत गव्हापासून वेगळं न ओळखू येणारं. ओळख पटते तोवर मुळ्या एकमेकांत गुंतलेल्या. अशा वेळी मालकाचं बरोबर आहे. आम्हीसुद्धा नुकताच डोळा भरलेल्या पिशवीतलं तण ओढत नाही. मुळी हलली तर डोळा सुकतो. कात्रीने वरून छाटतो आणि डोळा फुटेपर्यंत दम धरतो.

पण त्या गृहस्थांनी पुढे जे सांगितलं ते जास्त मोलाचं होतं. येशूने हा दाखला शिष्यांना स्वतःच उलगडून सांगितला आहे, आणि त्यात शेत म्हणजे मन नाही. शेत म्हणजे जग. गहू आणि निदण म्हणजे माणसं. कापणी करणारे देवदूत, आपण नव्हे. म्हणजे हे दोन वेगळे प्रश्न झाले, आणि आपल्याकडचे उपदेशक त्यांची खिचडी करतात. स्वतःच्या मनात काय वाढू द्यायचं हा एक प्रश्न. तिथे खुरपं हातात हवंच. जगातली कोणती माणसं तण आहेत हा दुसरा. तिथे खुरपं खाली ठेवायला सांगितलं आहे. घडतं नेमकं उलटं. स्वतःच्या वाफ्याबाबत आपण कापणीपर्यंत थांबायला तयार असतो आणि दुसऱ्याच्या बांधावर मात्र आजच उपटायला निघतो.

दुसऱ्यावर चालवलेल्या खुरप्याचं काय होतं ते एका उन्हाळ्यात आमच्याच शिवारात दिसलं. पलीकडच्या उसात एका शेतकऱ्याने टू-फोर-डी मारलं. हे औषध रुंद पानांच्या तणासाठी असतं. ऊस गवताच्या कुळातला, त्याला ते बाधत नाही. दुपारचं वारं आमच्या बाजूला होतं. चार-पाच दिवसांत ओळीच्या ओळी गुलाबांचे शेंडे पिळल्यासारखे झाले, पानं आक्रसली. त्याचा हेतू वाईट नव्हता आणि औषधही आपलं काम चोख करत होतं. त्याला दिलेली खूण एवढीच, की पान रुंद असेल तर मार. गुलाबाचं पान रुंद असतं, गाजरगवताचंही असतं. मुलगी समाजशास्त्र शिकत होती, तिला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली की झिग्मुंट बाउमन या विचारवंताने 1989 सालच्या पुस्तकात ज्यूंच्या संहाराबद्दल असंच काहीसं लिहिलं आहे: समाजाची बाग करायला निघालेलं राज्य काही माणसांना तण ठरवतं आणि मग तण काढणं हे त्याला क्रौर्य वाटतच नाही, बागकाम वाटतं. मी पुस्तक वाचलेलं नाही. पिळलेले शेंडे पाहिलेले आहेत. माणसाला तण म्हणणाऱ्या कुणाच्याही हातात पंप देऊ नये, इतकं मला त्यावरून पटलं.

तर खुरपं आपल्या वाफ्यापुरतं. आणि तेही विरळ करण्यापुरतं. मग रोजच्या कामात तण आटोक्यात येतं कशाने? खुरप्याने फार कमी येतं, हे ऐकून लोकांना नवल वाटतं. रोपवाटिकेत सगळ्यात जास्त तण कुठे उगवतं, तर रोज साफ करत असलेल्या मोकळ्या रस्त्यात. उघडी, ओली, उकरलेली जमीन म्हणजे मातीतल्या सगळ्या बियांना आमंत्रण. तिथे पाचट अंथरलं किंवा जाड काळं कापड टाकलं की निम्मं काम होतं. वाफ्यात गुलाब दाट होऊन जमिनीवर सावली पडली की लव्हाळा आपोआप दमतो, त्याला सावली सोसत नाही. आमच्या उरुळीत गांधीजींनी 1946 साली निसर्गोपचार आश्रम काढला, तिथलं वैद्यकही याच वळणाचं: रोगाच्या मागे धावण्यापेक्षा आहार, पाणी, माती, हवा यांनी शरीर सुधारा. सगळ्या रोगांना हे पुरत नाही. वाफ्याला बरंच पुरतं.

इथे मला माहेरचे सावता महाराज आठवतात. 1295 मध्ये अरणला समाधिस्थ झालेले हे संत पंढरीच्या वारीला फारसे गेलेच नाहीत असं सांगतात. मळा हीच त्यांची पंढरी. आजही पांडुरंगाची पालखी त्यांच्या भेटीला अरणला येते. त्यांना भाजीपाल्यात विठ्ठल दिसला हे मराठी शाळेतलं पोरही सांगेल. लहानपणी मी आजीला विचारलं होतं, की कांद्यात विठ्ठल, तर कांद्याशेजारच्या गवतात कोण? आजी म्हणाली, "कोण का असेना, कांद्याला जागा नको का?" तिला तत्त्वज्ञान सांगायचं नव्हतं, मला कामाला लावायचं होतं. पण चित्रांत सावता महाराजांच्या हातात खुरपं असतं ते याच कामासाठी असणार. त्यांनी तण काढलं ते जमीन पवित्र व्हावी म्हणून नाही. गवताचा द्वेष केला म्हणूनही नाही. कांदा हवा होता म्हणून काढलं. तण किती निघालं याचा हिशेब ठेवणारा साधक मला नेहमी शंकास्पद वाटतो. बहुधा त्याच्या वाफ्यात तण नसतं आणि दुसरंही काही नसतं. इंद्रियांना नुसतं मारत बसण्यापेक्षा त्यांना विठ्ठलाच्या कामाला लावावं, हा वारकऱ्यांचा मार्ग मला म्हणून शेतकऱ्यांचा मार्ग वाटतो. जमिनीवर सावली करणारं काहीतरी आधी वाढवायचं.

इथेच थांबले असते, तर हा लेख कीर्तनातही चालला असता. पण गुलाबाच्या रोपवाटिकेत एक तण असं आहे की त्याच्यावर ना सावली चालते, ना पाचट, ना कागद. ते बाहेरून येतच नाही.

कलमी गुलाब स्वतःच्या मुळावर उभा नसतो. ग्लॅडिएटर घ्या, की दुसरा कोणताही मोठ्या फुलाचा, खाली जमिनीत खुंट असतो रानगुलाबाचा. हा खुंट काटक, चिवट, आमच्या जमिनीत आणि उन्हात तग धरणारा. त्याची काडी पावसाळ्याच्या तोंडाला लावायची, पेन्सिलीएवढी जाड झाली की तिच्यावर डोळा भरायचा, डोळा फुटला की वरचा खुंट छाटायचा. पुढे सगळं पाणी, सगळं अन्न खुंटाची मुळं ओढतात आणि फूल नाव लावतं ग्लॅडिएटरचं. पण खुंट मेलेला नसतो. संधी मिळाली की डोळ्याच्या खालून तो आपला फुटवा काढतो. हा फुटवा गुलाबापेक्षा जोमदार, सरळसोट वर जाणारा, पानांनी भरलेला. गिऱ्हाईक बघून खूश होतं: झाडाला बघा कशी जोरदार फांदी आली. वर्ष-दोन वर्षांत ग्लॅडिएटर सुकून जातो आणि कुंडीत रानगुलाब उरतो. लोक म्हणतात, नर्सरीवाल्यांनी फसवलं.

हे तण मुळासकट उपटून दाखवा. मूळ त्याचंच आहे. ते उपटलं तर गुलाब कशावर उभा राहणार?

पतंजलीच्या यादीत अस्मिता दुसरी आहे. आमचे मालक गेले तेव्हा नात्यातल्या मंडळींनी तेराव्याच्या आतच सुचवलं, की बाईमाणसाला हा व्याप झेपणार नाही, रस्त्यालगतची जमीन आहे, चांगला भाव येईल. त्या वेळी मला कुठल्याही ग्रंथाने धीर दिला नाही. मला उभं केलं ते मीपणाने. मी दाखवते चालवून, या एका वाक्यावर मी ती सगळी वर्षं काढली; कर्ज फेडलं, डोळे भरणाऱ्यांची टोळी टिकवली, दोन मुलांची शिक्षणं केली. क्लेश म्हणा, माझ्या रोपाचा खुंट तोच आहे. त्याच खुंटाचा फुटवा म्हणजे सुनेने हिशेबाची वही कॉम्प्युटरवर नेली तेव्हा माझ्या अंगाचा झालेला तिळपापड. दोन्हीचं मूळ एक. दुसऱ्याला मुळासकट काढायला गेले असते तर पहिलं कधी झालंच नसतं. फुटवा येतो हे खुंट जिवंत असल्याचं लक्षण आहे, आणि खुंट जिवंत हवा. त्याला डोळ्याच्या वर येऊ द्यायचं नाही एवढंच हाती असतं, आणि त्यासाठी पानाआड, बुडाशी वाकून बघावं लागतं, कारण फुटवा वरून गुलाबासारखाच दिसतो. सात पानांची डहाळी ती रानटी, पाचाची ती कलमी, अशी खूण लोक सांगतात; ती दरवेळी खरी ठरत नाही. खरी खूण एकच: तो निघाला कुठून?

म्हणून बुवांना माझी विनंती आहे. मनाला शेत जरूर म्हणा, पण मग शेतासारखं वागवा. मुळासकट उपटा असं सांगून माणसं घरी पाठवता आणि महिन्याभरात तोच राग परत उगवला की ती बिचारी स्वतःला पापी समजतात. त्यांना सांगा, की परत उगवणारच आहे, पंधरा दिवसांनी परत या.

आणि तुम्ही वाचक कधी गुलाब न्यायला आमच्या रस्त्याला आलात, तर रोप घेताना फूल बघू नका, कलमाचा जोड बघा. घरी लावताना तो जोड मातीच्या वर ठेवा. त्याच्या खालून फुटवा आला तर कात्रीने कापू नका. कापलं की बुडाशी राहिलेल्या डोळ्यांतून आणखी दोन-तीन फुटतात. माती जरा बाजूला सारून तो निघाला असेल तिथून, कोवळा असतानाच, खाली ओढून बुडातून तोडा. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी बघत जा.